कुसुमला आणायला दांडीला गेलो त्याची हकीकत

कुसुमला परत आणायचं, एवढ्या एका कामासाठी मी सिन्नर सोडलं. प्रवासाची हौस मला कधीच नव्हती. गवंड्याचा प्रवास म्हणजे जिथं काम तिथं जायचं आणि काम संपलं की घरी यायचं. पण वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही समुद्रापर्यंत जाऊन आलात, आपल्या वार्षिकात लिहा की." मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं हातात थापी आली. तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितो आहे.

कुसुम माझी धाकटी लेक. पोरी मला दादाच म्हणतात. थोरल्या दोघी आपापल्या घरी नांदतात. ही नाशकात मास्तरणीचं शिक्षण घेत होती आणि सुट्टी लागली की श्रमदानाच्या शिबिराला पळायची. सुरगाण्याकडं रस्ता केला, वऱ्हाडात विहीर खणली, एकदा तर दिल्लीला जाऊन परदेशी पोरापोरींना भाकरी थापायला शिकवून आली. तिच्या आईला ह्याचं फार कौतुक. पोरीचं पत्र आलं की माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची आणि तिसऱ्यांदा स्वतः तोंडपाठ म्हणून दाखवायची. गेल्या आषाढात कुसुमची आई गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून घरात मी आणि मी बांधलेल्या भिंती.

पौषात पत्र आलं. कुसुम तेव्हा ठाणे जिल्ह्यात, पालघरच्या पुढं, बोईसर-तारापूरच्या अंगाला दांडी म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथल्या शिबिरात होती. गावासाठी शाळेची खोली बांधत होते. पत्रात होतं, "दादा, इथलं काम नीट पार पडलं तर मला एका वर्षासाठी जपानला पाठवणार आहेत. तिकडच्या पोरांबरोबर तिकडच्या गावांत असंच काम करायचं. नाव जवळजवळ नक्की आहे. कागदावर तुमची सही लागेल."

सही मी करणार नव्हतो. वर्षभर घरात एकट्यानं बसायचं आणि पोर कुठल्या तरी बेटावर, हे मला जमणार नव्हतं. पत्रानं 'नाही' असं कळवलं असतं तर तिनं दुसरं पत्र घातलं असतं. म्हणून समोर जाऊन सांगायचं आणि सामानासकट घेऊन यायचं असं ठरवलं. पिशवीत धोतर, भाकऱ्या आणि ओळंबा घेतला. ओळंबा कशाला, असं विचाराल. सवय, दुसरं काही नाही.

नाशकाहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार अशी एस.टी. जाते. त्र्यंबकच्या पुढं आपल्याकडची उघडी माळरानं संपतात आणि दाट झाडी लागते. वळणं इतकी की पुढच्या बाकावरची कोंबडी माझ्या मांडीवर आली, परत गेली आणि पुन्हा आली. जव्हारला गाडी अर्धा तास थांबली. डोंगरातली माणसं गाठोडी, मडकी, पोरं घेऊन बसली होती. पावसावरचं भात आणि नागली पदरात पडली की ही माणसं कामासाठी खाली उतरतात. मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, चला, घर सोडणारे आपण एकटे नाही.

पालघरला धर्मशाळेत पाठ टेकली. सकाळी पॅसेंजर धरली आणि तिथंच फसलो. तिकीट देणाऱ्यानं "जवळच आहे" म्हटलं, म्हणून पहिलं स्टेशन आल्याबरोबर मी उतरलो. ते उमरोळी होतं. मला पाटी वाचेपर्यंत गाडीनं शिट्टी दिली आणि धूर माझ्या धोतरावर सोडून ती बोईसरला निघून गेली.

माझ्यासारखंच एक डोंगरातलं जोडपं खाली उतरलं होतं, पण ते चुकून नव्हे. त्यांची तिकिटं तिथपर्यंतचीच होती, पुढं ते चालतच जाणार होते. त्यातला गडी म्हणाला, "आजा, गाडी तं गेली. पाय हायत ना?"

पाय होते. रुळाच्या कडेनं आम्ही तिघं निघालो. तिकडची माणसं कुणालाही अरेतुरे करतात, आणि ते कानाला गोड लागतं. बाईनं थोड्या वेळानं विचारलं, "एकलाच हायस? आजी नाय आनली?"

"आजी गेली."

"कदी?"

"आषाढात."

"मंग भाकर कोन करतं?"

"मीच."

"कशी होते?"

"वाईट."

तिला हसू आवरेना. नवऱ्यानं दटावलं, तर मलाच हसू आलं. आषाढानंतर मला कुणी हा प्रश्न सरळ विचारला नव्हता. सगळे "सावरा, सावरा" म्हणत होते. चिंचेखाली बसलो तेव्हा तिनं गाठोड्यातून नागलीची भाकर काढून माझ्या हातावर ठेवली. "धर. ही चांगली हाय." खरंच चांगली होती. ती दोघं तारापूरच्या बांधकामावर दगड वाहायला चालली होती. अणूपासून वीज करायचं घर तिथं बांधतात म्हणे. मी विचारलं, अणू म्हणजे काय ते माहीत आहे का? गडी म्हणाला, "आपल्याला दगड म्हाईत."

बोईसर स्टेशन लहान, पण बाहेर धुरळा मोठ्या गावाचा. सिमिटाचे ट्रक, जीपगाड्या, मुलुखामुलुखांतले मजूर. कानावर मराठीपेक्षा हिंदी जास्त. त्या जोडप्याला मुकादमानं ट्रकात चढवलं. बाई वरून ओरडली, "पीठ गरम पान्यानं मळ!" ट्रक गेला. मी टपरीवर बसलो आणि चहा सांगितला. चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले.

"दोन कशाला?"

"आपने ही तो दो बोला, बाबा."

बोललो असेन. चाळीस वर्षं बाहेर कुठं बसलो की दोनच सांगत होतो. दुसराही मीच प्यालो. थंड झाला होता.

तारापूरकडची एस.टी. मिळाली, उरलेली वाट पायी. दांडी दिसायच्या आधी नाकाला कळते. गावाच्या अंगाला वाळूवर बांबूच्या आडव्या रांगा बांधलेल्या, त्यांना तिकडं वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून त्यावर टांगलेले, हजारोंनी. लांबून मला वाटलं, कुणी पांढरी धोतरं फाडून वाळत घातली आहेत. आपल्या बाजाराला जे सुके बोंबील येतात ते असे. कुसुमच्या आईच्या हातची बोंबलाची चटणी तुमच्यापैकी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय सांगणार.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. तिला समुद्र बघायचा होता वगैरे मी लिहिणार नाही. तसं ती कधी म्हणाली नव्हती. पंचवटीच्या गंगेएवढं पाणी तिला पुरेसं होतं. मला मात्र ते पाणी बघून भीती वाटली. एवढं उघडं, आणि एक भिंत नाही.

कुसुम परांचीवर होती. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, हातात थापी. थापी धरायची रीत माझी. लहानपणी माझ्या कामावर डबा घेऊन यायची तेव्हा उचललेली. "दादा!" म्हणून ओरडली आणि तशीच चुन्याच्या हातानं येऊन बिलगली. वाळली होती, काळी झाली होती, आणि खुशीत होती. आल्या आल्या सांगावं, चल घरी, हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

तिच्या मागून एक गोरीशी, बारीक डोळ्यांची पोर आली. ती जपानची, नाव मिचिको. मला बघून ती कमरेतून खाली वाकली. मला वाटलं हिचं काही पडलं, म्हणून मीही वाकून वाळूत शोधायला लागलो. सगळं शिबिर हसलं. कुसुम म्हणाली, "दादा, तो नमस्कार आहे त्यांचा." शिबिरात वीसेक पोरंपोरी होती, चार परदेशातली. बाकीच्यांनी बोंबलाच्या वासानं नाकाला रुमाल लावलेले, पण ही मिचिको भाजलेला बोंबील हातात धरून काकडीसारखी खायची. तिच्या देशातही मासे असेच वाळवतात म्हणे. गावातल्या बाया तिला आपल्यातलीच समजत.

मी भिंतीला ओळंबा लावला. भिंत सरळ होती. पोरीला तसं म्हटलं नाही, पण भिंत सरळ होती. आदल्याच दिवशी समुद्राकडच्या भिंतीवर छपरासाठी वरचा त्रिकोण चढवून झाला होता आणि त्याच भिंतीत मोठी खिडकी ठेवली होती. मी कुसुमला विचारलं, "गावातल्या एकाही घराला समुद्राकडं खिडकी नाही. तुम्हीच का ठेवलीत?"

"पोरांना वारा लागेल, दर्या दिसेल."

जवळ हिराबाय म्हणून एक म्हातारी टोपली विणत होती. ती म्हणाली, "दर्या बगायला खिडकी कशाला, बाबा? आमचे बापये दिसभर त्योच बगतात. घरी आले का पाठ करून बसतात."

मग कळलं की गावानं जागा दाखवली होती ती मागं, देवीच्या देवळाच्या पलीकडं, खोलगटात. कुसुमला ती कोंदट वाटली. तिनं गावाला जमवलं, पुढच्या उंचवट्यावरची मोकळी जागा दाखवली आणि विचारलं, ज्यांना ही पसंत आहे त्यांनी हात वर करा. झाडून सगळ्यांनी केले.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी होड्या परतल्या, उशिरा आणि जवळजवळ रिकाम्या. पुरुष माणसं टोपल्या न उतरवताच सरळ शिबिराकडं चालत आली. पुढं गणा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. हा हिराबायचा मुलगा, चाळिशीचा, रुंद, आवाज जाड.

"काम बंद करा," तो म्हणाला. "आज दोन तास दर्यात फिरलो. खुंट गावला नाय."

हा खुंटाचा मामला मला कळायला वेळ लागला, तुम्हाला सोपा करून सांगतो. हे लोक समुद्राच्या तळात लाकडाचे मोठे खुंट ठोकतात आणि त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधतात. प्रत्येक घराची खुंटाची जागा बापजाद्यांपासून ठरलेली. भरतीला खुंट पाण्याखाली जातो, वर काही दिसत नाही. मग तो सापडायचा कसा? काठावर एक काळा खडक आहे आणि त्याच्या मागं उंचावर देवळाची पांढरी भिंत. होडीतून बघताना काळ्यावर पांढरं बरोबर उभं राहिलं की आपण आपल्या रेघेवर आलो. रेघेवर किती आत जायचं ते उत्तरेच्या डोंगरावरून ठरवतात. डोंगर जागेवर होता. देवळाची भिंत मात्र कुसुमच्या शाळेनं झाकली होती.

कुसुमचा चेहरा उतरला. "पण आम्ही विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत."

हिराबाय मागून म्हणाली, "पोरी, तुमी लांबून आलेली पावनी. हात वर करा म्हनलात, केले. नाचा म्हनलात तं नाचलो असतो."

काही जण हसले. गणा हसला नाही. "आनि तवा भिंत कुटं होती? गुडग्याएवडी भिंत काय झाकनार? काल वरचा तुकडा चढला आनि आज देऊळ ग्येलं. आता बोंबलाचा मोसम हाय. हा मोसम ग्येला तं वरीसभर आमी काय खायचं, तुमची खिडकी?"

शिबिराचे चिटणीस शहरातले, चष्मेवाले. ते म्हणाले, "भिंत पाडायची असेल तर शिबिर इथंच संपवावं लागेल. सहा दिवस उरलेत. आणि जागा कुणी बदलली हे मला वर कळवावं लागेल."

"मी बदलली," कुसुम म्हणाली. "माझंच नाव कळवा."

हे नाव गेलं की जपान गेलं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मिचिको वाळूत बसून बोटानं चित्र काढायला लागली. खडक, त्याच्यामागं शाळेची भिंत, आणि भिंतीवर उभा काळा पट्टा. म्हणजे देवळाऐवजी तो पट्टा बघा. गणानं वाकून पाहिलं. "पोर हुशार हाय. पन ही खूण खडकाच्या बोकांडीच बसली. दोन खुना जवळ आल्या का होडी सरकली तरी कळत नाय. तितं धा हात चुकला का खुंट ग्येला." तिला भाषा कळली नाही, पण मान हलवलेली कळली. तिनं चित्र पुसलं.

"परवा सकाळपर्यंत काय ते सांगा," गणा म्हणाला. "नायतर भिंत आमी पाडू. तुमच्यावर राग नाय. पन पाडू."

आता माझं सांगतो. गणा बोलत असतानाच मला उपाय सुचला होता. दोरी ताणताना मध्ये भिंत आडवी आली की आम्ही गवंडी भिंत पाडत नाही, मागचा बांबू उंच करतो. देवळामागं त्याच रेघेवर एक उंच काठी रोवायची, तिच्या टोकाला पांढरं काहीतरी. शाळेच्या छपरावरून ते दिसेल. एवढं सोपं. पाण्यावर डोळा ठेवून जगणाऱ्या माणसांना ते रागाच्या भरात सुचलं नाही, आणि पोरांना सुचण्याएवढा धंदा माहीत नव्हता.

कुसुम माझ्याकडं वळली. "दादा, तुम्हाला काही सुचतं का?"

मी म्हणालो, "नाही."

शिबिर मोडलं असतं तर पोर माझ्याबरोबर गाडीत बसणार होती. मला तोंडानं नाही म्हणावं लागणार नव्हतं, सही नाकारावी लागणार नव्हती. वाईटपणा समुद्रावर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिरात कुणी थापी उचलली नाही. कुसुम घरोघर जाऊन माफी मागत होती. मला ते बघवेना म्हणून मी हिराबायच्या वलांडीकडं गेलो. तिनं न विचारता बोंबलांची टोपली माझ्यापुढं सरकवली. "बसून काय ऱ्हातंस? तोंडात तोंड घाल आनि लटकव."

दहा-बारा लटकवले. मग काय झालं मला माहीत नाही, मी तिला सगळं सांगून टाकलं. काठीचं, कुसुमच्या आईचं, जपानचं, आणि मी नाही म्हणालो त्याचं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे आमचा मोसम बुडाला तरी चालंल, पोर घरी आली पायजे?"

"तसं नाही."

"तसंच हाय. उगा गोल बोलू नको."

मी पुढचा बोंबील उचलला.

"माज्या गणाला मी रोज दर्यावर धाडतंय. त्याच्या बापाला धाडत होती. रोज पहाटे. परत येल का नाय, कोन सांगनार? तुज्या पोरीला तं परत यायची तारीख हाय." तिनं एक बोंबील माझ्या हातातून ओढून घेतला, मी उलटा अडकवला होता. "तारीख असून रडतंस, घाटी बाबा. आता तू जातंस गणाकडं का मी जाऊ?"

"जातो."

"ही टोपली संपवून जा."

संपवली आणि गेलो. गणा जाळं शिवत होता. त्यानं ऐकून घेतलं, थोडा वेळ शाळेकडं बघितलं. मग म्हणाला, "डोकं चांगलं हाय. पन काठी नेमकी कुटं रोवायची ते जमिनीवरनं कळनार नाय. ते खुंटावरनंच दिसनार. तू चल."

"मी कशाला?"

"जो बांधतो त्यानं बगायचं. उद्या चुकली तं मी कोनाला धरू?"

ठरलं ते असं. होडी खुंटावर जाऊन बांधायची. ओहोटीला खुंटाचं डोकं वर येतं, तेव्हा शोधलं तर सापडतं. इकडं देवळामागं कुसुम लांब बांबू उभा धरून राहील, टोकाला चुना फासलेल्या दोन मासळीच्या टोपल्या. खुणा शिडानं करायच्या. शीड वर गेलं की तिनं होडीतून दिसेल त्या डावीकडं सरकायचं, खाली आलं की उजवीकडं, आणि दोनदा खालीवर झालं की तीच जागा. सगळं ऐकून कुसुम मला म्हणाली, "दादा, हे तुम्हाला सुचलं?" आणि माझा हात दाबला. मी होडीकडं चालायला लागलो.

होडीत बसलो तोपर्यंत मी बरा होतो. काठ लांब गेला आणि पोटातलं सगळं वर आलं. गणाचे गडी माझी थट्टा करत होते. "बाबा, माशांना जेवान घालतंस काय?" "थोडा थोडा घाल, दमानं!" एकजण म्हणाला, घाटावर जमीन हलत नाही म्हणून तिथली माणसं अशी कच्ची राहतात. मी कडेला धरून होतो, उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं.

बरंच शोधल्यावर खुंट सापडला. काळं, शेवाळलेलं डोकं, लाटेत बुडत होतं आणि वर येत होतं. होडी बांधली. वळून पाहिलं तर काठ म्हणजे बोटभर पट्टी. गाव नाही, माणूस नाही. काळ्या खडकाचा ठिपका, शाळेची भिंत म्हणजे मोडकी काडेपेटी, आणि तिच्यावरून दिसणारा एक पांढरा ठिपका. तो हलत होता. ती कुसुम.

गणानं शिडाचा दोर माझ्या हातात दिला. "घे. तुजी पोर हाय, तूच सांग."

मी गुडघ्यावर बसून दोर ओढला. शीड वर गेलं. मी वाट बघत राहिलो. मग तो पांढरा ठिपका डावीकडं सरकला. जरा जास्तच. मी शीड सोडलं. ठिपका उजवीकडं आला. होडी डुलत होती, ठिपका कधी खडकाच्या ह्या अंगाला, कधी त्या. गणा म्हणाला, लाट खाली जाते तेव्हा बघ. तसं बघितलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक वेळी ती ऐकत होती. एवढ्या लांबून, माझा चेहरा दिसत नसताना, हाक पोचत नसताना, पोर माझं ऐकत होती. आणि काल ती हातभर अंतरावरून मला विचारत होती तेव्हा मी तिला काय दिलं होतं?

काळ्यावर पांढरं उभं राहिलं. गणानं एक डोळा मिटून पाहिलं, मागं सरकून पाहिलं. "बास," तो म्हणाला. मी शीड दोनदा खालीवर केलं. ठिपका थांबला आणि मग हलला नाही.

जमिनीवर उतरलो आणि सरळ वर चालत गेलो. देवळामागं कुसुम आणि मिचिको बांबूच्या बुडाशी फतकल मारून बसल्या होत्या. कुणी तो धक्क्यानं हलवू नये म्हणून त्या जागच्या उठल्या नव्हत्या. संध्याकाळच्या आत गावातल्या एका जुन्या होडीची डोलकाठी आणून तिथं रोवली. पाया मी भरला, माझ्या हातानं, दगड आणि चुना. देवीला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी भरतीतच होड्या गेल्या आणि दुपारी टोपल्या उतरवायला बाया कमी पडल्या. गणा शाळेशी येऊन भिंतीवर हात आपटून म्हणाला, "राहूदे तुमची खिडकी." चिटणिसांना वर कळवायला काही उरलं नाही.

चार दिवस मी तिथंच राहिलो आणि छपराला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा फुकट काम केलं. फुकट कामात पोरं गाणी म्हणतात आणि विटा वाकड्या लावतात. दोन्ही सुधारायचा मी प्रयत्न केला, एकच सुधारलं. निघताना हिराबायनं सुक्या बोंबलांचं गाठोडं दिलं आणि पोरीला धाडण्याबद्दल एक अक्षर तोंडातून काढलं नाही. नुसतं म्हणाली, "चटनी वाटून खा. तिच्यासारकी नाय होनार, तरी खा."

कुसुम मला पोचवायला बोईसरला आली. गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी म्हणालो, "तो कागद काढ."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग पिशवीतून कागद काढला. सगळं इंग्रजीत. तिनं बोट ठेवलं तिथं मी सही केली. खाली आणखी एक मोकळी रेघ होती.

"ही कशाची?"

"आईची," कुसुम म्हणाली.

मी पेन तिच्या हातात परत दिलं.

"मोकळी ठेव," मी म्हणालो. "खोटं काही लिहायचं नाही."

गाडी आली. खोटं लिहायचं नाही, असं तिला सांगणारा मी खिडकीशी बसलो आणि उमरोळी गेलं, पालघर आलं, तरी मला मान वर करता आली नाही.

चैत्रात ती गेली. गावात लोक विचारतात, आईविना पोर, तिला एवढ्या लांब कशी धाडलीत? मी सांगतो, धाडली. तिची चार पत्रं आली आहेत. तिकडंही डोंगर आहेत, तिथंही म्हाताऱ्या माणसांच्या हातांना भेगा आहेत, मिचिकोच्या आजीनं तिला मासे वाळवायला बसवलं, असं लिहिते. मी स्वतःच दोनदा वाचतो. तिसऱ्यांदा पाठ म्हणून दाखवायला घरात कुणी नाही. भाकरी आता बऱ्या होतात, पीठ गरम पाण्यानं मळतो. तिसऱ्या पत्रात तिनं लिहिलं, "दादा, त्या दिवशी तुम्हाला सुचलं नसतं तर मी इथं नसते." ते वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हा अंक छापून झाला की गुरुजी एक प्रत जपानला टपालानं पाठवणार आहेत. म्हणून पुढचं तिच्यासाठी लिहितो, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. कुसुम, तू मला विचारलंस तेव्हा मला सुचलेलं होतं. मी नाही म्हणालो. एक अख्खी रात्र मी तुला झुरू दिलं आणि अर्धी सकाळ माफी मागत दारोदार फिरू दिलं. मला गणाकडं पाठवलं ते हिराबायनं, माझ्या मनानं नाही. हे तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं मला चार दिवस बोलून घेतलं असतं आणि तुला कळू दिलं नसतं. ती नाही, म्हणून छापून सांगावं लागतं आहे.